एक लिटर म्हणजे सव्वानऊ किलो कापूस

“डोक्यामागं किती पडन ते आत्ताच सांग, माय. वाटंत सांगू नको.”

शेजारच्या मावशी असं म्हणाल्या तेव्हा आम्ही दहाजणी माझ्या ओसरीत बसलो होतो. जानेवारी सरत आला होता, कापसाचा शेवटचा वेचा चालू होता आणि बोंडांच्या टोकांनी सगळ्यांचीच बोटं चिरलेली होती. बचतगटाची बैठक आटोपली होती, सह्या-अंगठे झाले होते. आता विषय होता साडेतीन पीठांचा. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई ही तीन पूर्ण पीठं आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धं. वाटेत पंढरपूर. गाडी माझ्या धाकट्या भावाची, पिवळ्या पाटीची क्रूझर. भाडं तो घेणार नव्हता, डिझेल आणि टोल तेवढा आमचा. गटाची सचिव मी, म्हणून आकडा मी सांगायचा.

मावशींच्या बोलण्यात ‘वाटंत’ हा शब्द कुठून आला, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शेगाव-शिर्डी केलं होतं. गाडी हीच, हिशेब माझाच. मी भावाला विचारलं, “एव्हरेज किती देते?” तो म्हणाला, “पंधरा.” मोबाईलच्या नकाशावर अंतर पाहिलं, ८८० किलोमीटर भरलं. भागिले पंधरा, ५९ लिटर. तेव्हाचा दर ९३ रुपये, म्हणजे साडेपाच हजार. टोलचे पाचशे धरून सहा हजार. दहाजणींत सहाशे-सहाशे. पाच मिनिटांत हिशेब झाला आणि मी तो मोठ्या विश्वासाने सगळ्यांना सांगितला.

प्रत्यक्षात गाडी ९९० किलोमीटर चालली, कारण शिर्डीपर्यंत गेलेला माणूस शनिशिंगणापूर सोडत नाही. डिझेल लागलं ८६ लिटर, आठ हजारांचं. वर टोल. अडीच हजार कमी पडले. शिर्डीच्या भक्तनिवासाच्या व्हरांड्यात, रात्री साडेनऊला, मी एकेकीकडे आणखी अडीचशे रुपये मागितले. मावशींनी पदराची गाठ दातांनी सैल केली. पन्नासच्या चार नोटा, चौघडी घातलेल्या आणि घामाने मऊ पडलेल्या. मग विसाची एक, दहाच्या दोन, आणि दहाचं एक नाणं. त्यांनी ते दोनदा मोजलं आणि माझ्या हातावर ठेवलं. संध्याकाळी बाजारात नातीसाठी त्यांनी एक फ्रॉक पाहून ठेवला होता, गुलाबी, बाह्यांना झालर लावलेला. सकाळी त्या दुकानावरून गेलो तेव्हा त्या तिकडे वळल्या नाहीत. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. परतीच्या सगळ्या वाटेवर मला खिडकीबाहेरच बघावंसं वाटलं.

भाऊ खोटं बोलला नव्हता. पंधराचं एव्हरेज त्याच्या गाडीने कधीतरी दिलं होतं. गाडी रिकामी, थंडीचे दिवस, रस्ता नवा, वेग साठच्या आसपास. ड्रायव्हर माणूस एव्हरेज सांगतो ते आपल्या गाडीच्या सगळ्यात चांगल्या दिवसाचं. नव्या गाडीच्या कागदावर छापलेला आकडाही तसाच, तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढतात. तिथे खड्डा नाही, म्हैस आडवी येत नाही, टपावर दहा बायकांच्या पिशव्या नाहीत. गाडी गाडीशी ताडून पाहायला तो आकडा कामाचा आहे, पण पैसे गोळा करायला नाही.

तर या खेपेला मी म्हटलं, “मावशी, महिनाभर थांबा. मोजून सांगतो.” (आमच्याकडे बायकाही ‘सांगतो’ म्हणतात.)

मावशींनी मान डोलावली आणि विचारलं, “लिटरले काय भाव हाय आता?”

“ब्याण्णव.”

त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. गेल्या हंगामात आमच्या गावात वेचणीला किलोमागे दहा रुपये होते. “म्हंजे सव्वानऊ किलो येचला का एक लिटर झालं. अन् तेवढ्यात गाडी जाते कुठलोक?”

मी म्हटलं, तेच मोजायचं आहे.

मला हे असं मोजणं सुचलं नसतं. माझ्यासाठी लिटर म्हणजे रुपये होते. त्यांच्यासाठी लिटर म्हणजे वाकलेली कंबर, ओटीत भरत जाणारा कापूस आणि संध्याकाळी काट्यावर टांगलेलं गाठोडं. त्या दिवसापासून माझ्या वहीत रुपयांच्या शेजारी एक नवा रकाना आला, ‘किलो’.

*

मोजायचं कसं, ते मी लहानपणी पाहिलेलं होतं. विसरून बसले होते एवढंच.

आमचे बाबा दारव्हा ते आर्णी काळी-पिवळी चालवायचे. महिंद्राची जुनी जीप, डिझेलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. शकुंतला, म्हणजे आमच्याकडची छोटी रेल्वे, दारव्ह्याहून जायची तेव्हाही ती यवतमाळ आणि मूर्तिजापूरच्या बाजूची, आर्णी-दिग्रसकडे जाणाऱ्यांना एसटी नाहीतर काळी-पिवळीच. जीपचा डिझेलचा काटा मला कळतं तेव्हापासून मेलेला होता, किलोमीटरचा मीटरही बंद. पण बाबांची गाडी डिझेलवाचून रस्त्यात उभी राहिली असं मी एकदाही ऐकलं नाही. त्यांच्याकडे काडी होती.

वेळूची, हातभर लांबीची, तासून चपटी केलेली. ती कशी केली तेही त्यांनी मला सांगितलं होतं. टाकी पुरती रिकामी करून त्यांनी कॅनने पाच लिटर ओतलं, काडी बुडवली, जिथवर ओली झाली तिथे चाकूने खाच पाडली. पुन्हा पाच लिटर, पुन्हा खाच. पहाटे सीट उचलून झाकण काढायचं, काडी सरळ सोडायची, वर काढून कंदिलाकडे धरायची. ओल्या भागावर डिझेलची पिवळसर चमक असायची आणि ती चमक जिथे संपते तिथे बाबा अंगठ्याचं नख ठेवायचे. मी फडकं घेऊन उभी. नख ठेवून झालं की काडी पुसून द्यायचं काम माझं. माझ्या शाळेच्या रिबिनींनाही त्या फडक्याचा वास यायचा.

मग वहीत नोंद. तारीख, फेरी, माणसं, काडी. ‘आर्णी, १४ माणसं, सव्वा खाच.’ ‘आर्णी, ९ माणसं, एक खाच.’ बाजाराच्या दिवशी माणसं जास्त, पोती जास्त, खाच जास्त. पावसाळ्यात रस्त्याला चिखल झाला की त्याच नऊ माणसांना सव्वा खाच. शाळेत भागाकार शिकायच्या आधी मला हे कळलं होतं की गाडीला एक एव्हरेज नसतं, बाजाराच्या दिवशीचं वेगळं आणि रिकाम्या परतीचं वेगळं.

अंतर ते रस्त्याकडेच्या दगडांवरून धरायचे. डोक्याला पिवळा रंग असलेला दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा, हेही मला त्यांनीच दाखवलं. आणि लांबच्या भाड्याचा अंदाज द्यायचा झाला तर दगडांवरून आलेल्या आकड्यात ते ‘दहाला एक’ मिळवायचे. दहा किलोमीटरमागे एक किलोमीटर जास्तीचं. चुकलेला फाटा, बंद पडलेला पूल, गिऱ्हाइकाच्या मामाच्या घरी घेतलेला चहा, सगळं त्या एकात.

बाबांची वही आता भावाकडे आहे. काडी कुठे गेली कोण जाणे.

*

भावाला मी सांगितलं, महिनाभर तू माझ्यासाठी टाकी ‘फुल’ करत जा. तो आधी कुरकुरला, कारण ड्रायव्हर लोक हजाराचं, दोन हजाराचं असं डिझेल टाकतात. पैशांवर टाकलं की लिटर किती गेले ते डोक्यात राहत नाही. फुल करायचं म्हणजे नोझल स्वतःहून पहिल्यांदा ‘टक’ करून बंद पडेल तिथे थांबायचं, वर आणखी पंधरा-वीस रुपयांचं दाबून भरायचं नाही. मीटरचा आकडा लिहायचा. गाडी दोनशे-अडीचशे किलोमीटर चालली की त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला, पुन्हा पहिल्या ‘टक’पर्यंत भरायचं. जेवढे लिटर बसले तेवढे मधल्या प्रवासात जळले. बिलाच्या कागदावरची शाई महिन्याभरात उडते, म्हणून त्याचा फोटो लगेच मला पाठवायचा.

पहिली मोजणी यवतमाळच्या खेपांची, गाडी बहुतेक रिकामीच. २१२ किलोमीटर, १५.१ लिटर. एव्हरेज १४. भाऊ खूश, “पाहिलं का ताई, मी पंधरा म्हणलो होतो.”

दुसरी मोजणी पुसदकडच्या लग्नाची. बारा माणसं, त्या बाजूच्या टेकड्यांचा चढ-उतार, वाटेत चार ठिकाणी थांबा. १८८ किलोमीटर, १५.९ लिटर. एव्हरेज ११.८. आता तो गप्प.

तिसरी मोजणीही वऱ्हाडाचीच, पण या वेळी टपावरच्या कॅरिअरवर बॅगा आणि भांडी. २४० किलोमीटर, २०.७ लिटर. ११.६.

वजन वाढलं की दर वेळी गाडी जागची हलवायला जास्त जोर लागतो, हे बैलबंडी चालवणाऱ्यालाही माहीत असतं. घाटात चढताना जळतं तेवढं उतारावर परत मिळत नाही, कारण उतारावर आपण ब्रेक दाबतो आणि ती ताकद ब्रेकच्या लायनरमध्ये तापून जाते. पण टपावरच्या सामानाचं मला नवल वाटलं. भाऊ म्हणाला, ते वजनापेक्षा वाऱ्याला जास्त अडतं. आणि वाऱ्याचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलं तर वेग सव्वापट होतो, पण अडसर दीडपटीहून जास्त. आमच्या गाडीला ८० चा गव्हर्नर, म्हणजे त्यापुढे वेग जाऊ न देणारं यंत्र, बसवलेला आहे, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला. ज्याच्या गाडीला तो नाही त्याने समृद्धीवर १२० च्या वेगाने जाण्याआधी हे एकदा वहीवर मांडून पाहावं.

मी एव्हरेज धरलं साडेअकरा. म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं उत्तर असं निघालं, सव्वानऊ किलो कापूस वेचला की गाडी साडेअकरा किलोमीटर जाते. आमच्या गावाहून दारव्हाही गाठत नाही.

*

अंतराचं काम मी एका रात्री बसून केलं. फोनवर ‘वणी’ लिहिलं आणि नकाशाने मला आमच्याच जिल्ह्यातल्या वणीला, कोळशाच्या खाणींकडे नेलं. तिथून कोल्हापूरचं अंतर जोडून बेरीज भलतीच आली तेव्हा लक्षात आलं. आपल्याला हवी ती वणी नाशिक जिल्ह्यातली, दिंडोरीच्या पुढची, आणि गडावर जायचं तर खाली नांदुरीहून चढायचं. नावावर विसंबायचं नाही. एकेक टप्पा वेगळा काढायचा आणि त्यातलं निदान मोठं गाव ओळखीचं निघतं का ते पाहायचं.

गाव ते माहूर ७५. माहूरहून हदगाव, नांदेड, लातूर, औसा करत तुळजापूर ३४५, यातला बराचसा रस्ता नागपूर-तुळजापूर महामार्गाचा. तुळजापूर ते पंढरपूर सोलापूरवरून ११५. पंढरपूर ते कोल्हापूर १८०. कोल्हापूर ते पुणे २३५, पुणे ते नाशिक २१०, नाशिक ते गड ६५. गडावरून उतरून शिर्डी १३०, शिर्डीहून समृद्धीने कारंजा ३४५, कारंजा ते घर ४५. बेरीज १,७४५. बाबांचं दहाला एक मिळवून १,९२०.

ही बेरीज टप्प्याटप्प्याने मांडली म्हणून दोन गोष्टी दिसल्या, त्या एकदम ‘सतराशे किलोमीटर’ असं पाहिलं असतं तर दिसल्या नसत्या. एक, तुळजापूरहून थेट कोल्हापूरला गेलं तरी सोलापूरवरून २८५ पडतं, आणि पंढरपूर करून गेलं तर २९५. म्हणजे विठोबा दहा किलोमीटरमध्ये भेटतो, एका लिटरच्या आत. दुसरी गोष्ट उलटी. कोल्हापूरहून आल्या वाटेने परत फिरलो तर साधारण ७०५ किलोमीटरमध्ये घर. पुणे, नाशिक, गड करून आलं तर १,०३०. म्हणजे अर्ध्या पीठासाठी सव्वातीनशे किलोमीटर जास्त. दहाला एक धरून ३१ लिटर, डोक्यामागे दोनशे नव्वद रुपये, प्रत्येकीची २९ किलो वेचणी. टोल वेगळा.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. पंढरपूर जवळपास फुकट पडतं म्हटल्यावर हशा-टाळ्या झाल्या. सप्तशृंगीचं सांगितल्यावर सगळ्या गप्प झाल्या. ज्या दोघींच्या घरी यंदा पऱ्हाटी बोंडअळीने खाल्ली होती, त्यांच्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. त्यांच्यातलीच एक शेवटी म्हणाली, “तीन करून अर्धं सोडलं तं मन लागन का घरी?” मावशी म्हणाल्या, “एकोणतीस किलो म्हंजे एक दिवस बी नाई पुरा.” ठरलं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एक गोळाबेरीज आकडा समोर ठेवला असता तर त्यांना फक्त हो किंवा नाही म्हणता आलं असतं. टप्प्यांचा हिशेब समोर आला म्हणून काय घ्यायचं, काय सोडायचं, हे त्यांनी ठरवलं.

*

दराचं म्हणाल तर बाबांच्या काळी ते सोपं होतं. सरकार दर ठरवायचं, त्यांच्या वहीत महिनोन् महिने एकच आकडा दिसतो. पेट्रोलचे दर २०१० मध्ये मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला नवा दर लागतो. रोज लागतो म्हणजे रोज बदलतोच असं नाही, कित्येक महिने तो हलतही नाही. पण गावोगावचा दर एक नसतो. इंधन जीएसटीत नाही, राज्याचा व्हॅट आहे, आणि तो जुलै २०२४ पासून सगळ्या महाराष्ट्राला सारखा आहे. फरक पडतो तो टँकरच्या वाहतुकीने. डेपो जवळ असेल तिथे स्वस्त, लांब असेल तिथे महाग. परभणीचं पेट्रोल राज्यात महागड्यांत मोजलं जातं ते यामुळेच, तिथला टँकर मनमाडकडून येतो.

म्हणून आम्ही ठरवलं की घरूनच टाकी फुल करून निघायचं. साठ लिटरच्या टाकीत भरल्या गाडीने ६९० किलोमीटर होतात आणि पंढरपूर आहे ५३५ वर. म्हणजे नांदेड-लातूरच्या पट्ट्यात पंपावर थांबायची गरजच नाही. दुसरी टाकी सोलापूरला, तिथे पाकणीला डेपो आहे. यातून वाचणार ते लिटरमागे रुपया-दीड रुपया, एका टाकीला शंभरच्या आत-बाहेर. एवढ्यासाठी वाट वाकडी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण वाट तीच असेल तर कुठे भरायचं ते आधी ठरवायला काय हरकत आहे? अंदाजासाठी मात्र मी आमचा ९२ चा दर धरला नाही, ९४ धरला.

१,९२० भागिले साडेअकरा, १६७ लिटर. गुणिले ९४, १५,७०० रुपये. पंधराच्या एव्हरेजने हेच १२८ लिटर आले असते. तो ३९ लिटरचा फरक मी बराच वेळ पाहत बसले. साडेतीन हजारांहून जास्त. तेवढे पैसे मी पुन्हा कुठल्यातरी व्हरांड्यात मागितले असते.

टोलचे २,५०० धरले. त्यात समृद्धीचा मोठा वाटा. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता, त्यातला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण रस्ता खुला झाला. एप्रिल २०२५ पासून मोटार-जीपला किलोमीटरमागे २.०६ रुपये, म्हणजे शिर्डी ते कारंजा सातशे रुपयांच्या वर. भाऊ म्हणाला, जुन्या रस्त्याने औरंगाबाद, जालना, मेहकर करू, टोल वाचेल. मी गटाला विचारलं. पाच रात्री बाहेर काढलेल्या बायका, त्यात दोघींचे गुडघे दुखरे, शेवटच्या दिवशी अंधार पडायच्या आत घरी पोचणं डोक्यामागे सत्तर रुपयांना महाग नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. शिवाय सपाट रस्त्यावर एकाच वेगाने गाडी चालली की गिअर बदलणं नाही, ब्रेक नाही, डिझेल थोडं हात राखून लागतं.

एकूण १८,२००. दहाजणींत १,८२०. एक वहिनी म्हणाली, “अठराशे करून टाक ना, बोलाले बरं वाटते.” मी १,८५० सांगितले आणि म्हटलं, उरले तर परत देईन, पण वाटेत एक रुपया मागणार नाही. मावशींनी लगेच केलं, “एकशे पंच्याऐंशी किलो. पाच दिवसाचा वेचा.” आणि दुसऱ्या दिवशीपासून त्या खरंच दुसऱ्याच्या वावरात वेचायला जाऊ लागल्या, स्वतःचा कापूस संपला होता तरी.

*

फेब्रुवारीतल्या एका पहाटे निघालो. देवदर्शनाचं मी इथे लिहीत नाही, ते ज्याचं त्याने घ्यायचं असतं. रस्त्यावरच्या दोन-तीन गोष्टी मात्र वहीत आहेत.

एका पंपावर पोराने मीटर शून्यावर यायच्या आत नोझल टाकीत घातलं. भावाने हात धरला, पुन्हा शून्य करायला लावलं. पोरगं कुरबुरलं तेव्हा भाऊ म्हणाला, पाच लिटरचं माप आण. प्रत्येक पंपावर सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप असतं आणि गिऱ्हाईक मागेल तेव्हा त्यात मोजून दाखवावं लागतं, पंचवीस मिलिलिटरचा फरक चालतो. माप आलं, डिझेल बरोबर भरलं. पंपात खोट नव्हती, घाई होती. मावशी गाडीतून उतरून मापाजवळ उभ्या राहिल्या. पितळी भांड्याच्या अरुंद गळ्यात डिझेल खुणेला येऊन टेकलं तोवर त्यांनी डोळा हलवला नाही. कापसाच्या काट्यासमोर त्या अशाच उभ्या राहतात.

चाकणला दीड तास अडकलो. पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्याला ते नवीन नाही, आम्हाला होतं. इंजिन बंद-चालू, बंद-चालू. भावाच्या अंदाजाने नुसत्या उभ्या गाडीने तिथे लिटरभर पिलं. मागच्या सीटवरून आवाज आला, “गेला वं सव्वानऊ किलो.” तोवर सगळ्याच जणी किलोत बोलायला लागल्या होत्या.

नांदुरीचा घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही. वर पायऱ्यांना पर्याय म्हणून ट्रॉली झाली आहे, गुडघेवाल्या दोघी तिने गेल्या, बाकी आम्ही पायऱ्यांनी. शिर्डीला टाकी पुन्हा फुल केली, सगळ्या टायरची हवा पाहिली, उन्हाची काँक्रीटवर टायर फार तापतात म्हणून. सकाळी नऊला समृद्धीवर चढलो, दुपारी कारंज्याला उतरलो. चार वाजता घरी. दारव्ह्याला त्याच पंपावर, त्याच नोझलला, पहिल्या ‘टक’पर्यंत.

मीटर १,८६८ किलोमीटर. डिझेल १६१ लिटर. एव्हरेज ११.६. डिझेलचे १४,९०९ रुपये, टोल २,३८०, एकूण १७,२८९. जमा १८,५००. शिल्लक १,२११.

रविवारी ओसरीत सगळ्या आल्या. मी वही मागून उघडून मधोमध ठेवली, बिलांचे फोटो ज्यांना पाहायचे त्यांना दाखवले आणि एकेकीच्या हातावर १२० रुपये ठेवले. उरलेले अकरा गटाच्या खात्यात जमा, तशी नोंद केली. मावशींनी १२० रुपये मोजले, एकदाच. मग म्हणाल्या, “बारा किलो.” आणि मला म्हणाल्या, “गिरनार किती पडन?”

मी म्हटलं, मोजून सांगतो.

काल भावाचा फोन आला. क्रूझरचे चारही टायर बदलले म्हणाला, जुने पार घासले होते. नवीन टायरचा घेर जुन्या घासलेल्या टायरहून थोडा मोठा, म्हणजे मीटरवरचं किलोमीटर आता आधीसारखं पडणार नाही, आणि साडेअकराचा आकडाही धरून चालणार नाही. दिवाळीच्या आत तीन मोजण्या पुन्हा कराव्या लागतील. शनिवारी दारव्ह्याला टाकी फुल करून मीटरचा फोटो पाठवतो म्हणाला.